फ्रिजला झिणझिण्या येतात, पण दोष फ्रिजचा असेलच असं नाही

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेला महिनाभर फ्रिजच्या दाराच्या धातूच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर पेटतो. दुरुस्तीचा माणूस येऊन गेला, त्याने फ्रिज ठीक आहे म्हणून सांगितलं. मग तुम्ही इंटरनेटवर तीन अनोळखी माणसांना विचारलं. पहिला म्हणाला, सगळ्याच फ्रिजना थोडा करंट असतो, लक्ष देऊ नका. दुसरा म्हणाला, पिन टॉपमधली, म्हणजे प्लगमधली, अर्थची जाड पिन काढून टाका. तिसरा म्हणाला, सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रलला एक लूप मारून घ्या. आणि अगदी शेवटी तुम्ही लिहिलंय, 'आईला सकाळी भांडी घासताना जास्त जाणवतं, दुपारी आम्ही मुद्दाम बघितलं तर काहीच नाही.'

ती शेवटची ओळ त्या तिघांनीही वाचलेली दिसत नाही. मी मात्र तिथेच थांबलो. 27 वर्षं वायरिंगचं काम करतोय, वायरमनचा परवाना आहे, आधी रत्नागिरीकडे होतो, आता पुण्यात. माझा संशय तुमच्या फ्रिजवर नाही, गीझरवर आहे. त्याहून मोठा संशय तुमच्या फ्लॅटच्या अर्थिंगवर आहे.

पुढचं वाचण्याआधी एक काम करा. डीबीमधला, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचांच्या पेटीतला, गीझरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) खाली पाडा. तो कुठला हे कळत नसेल तर मेन बंद करा, गीझरचा पिन टॉप काढा आणि मग मेन चालू करा. वायरमन येऊन बघेपर्यंत आंघोळीचं पाणी गॅसवर तापवा. वॉशिंग मशीन आणि मायक्रोवेव्ह यांचेही पिन टॉप काढून ठेवा. फ्रिज चालू ठेवायचाच असेल तर हात कोरडे, पायात रबरी चप्पल आणि पकड फक्त प्लास्टिकच्या हँडलला. अजून येतात का हे बघायला पुन्हा हात लावू नका, आणि आईला तर मुळीच लावू देऊ नका. आज ज्या झिणझिण्या आहेत त्यांच्यात आणि जोराच्या शॉकमध्ये कधीकधी फक्त एका चपलेचं अंतर असतं. वायरमनला आजच बोलवा, रविवारवर टाकू नका.

आता गीझर का म्हणतो ते सांगतो. तुमच्या घरातल्या प्रत्येक थ्री-पिन सॉकेटच्या वरच्या भोकातून एक हिरवी वायर निघते. या सगळ्या हिरव्या वायरी डीबीतल्या एका पट्टीवर एकत्र येतात. तिथून एकच वायर डक्टमधून खाली मीटर रूममध्ये जाते आणि पुढे जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत. म्हणजे फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन यांचे पत्रे त्या पट्टीवर एकमेकांना कायमचे जोडलेले असतात. पुढची वायर जमिनीला नीट पोचलेली असेल, तर एखाद्या उपकरणातून गळलेला करंट तिकडून निघून जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. पण पट्टीच्या पुढे ती वायर कुठे तुटली, तर शेतात पुढच्या पाटाचं तोंड बुजल्यावर जे होतं तेच होतं. पाणी नको त्या वाफ्यात शिरतं. गळती गीझरमध्ये, आणि झिणझिण्या फ्रिजला. दुरुस्तीवाल्याने फ्रिज तपासला, तो खरंच ठीक होता. त्या माणसाचं काही चुकलं नाही. त्याला बोलावलं होतं फ्रिज बघायला, आणि त्याने फ्रिजच बघितला.

गीझरची गळती एका दिवसात होत नाही. आतला एलिमेंट म्हणजे धातूची नळी. तिच्या मधोमध नायक्रोमची तार आणि भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासून भरलेली. ही पूड उष्णता जाऊ देते आणि करंट अडवते. बोअरचं जड पाणी असेल तर नळीवर पांढऱ्या क्षारांचा थर चढतो, नळी आतल्या आत जास्त तापते आणि कधीतरी तिला केसाएवढी चीर जाते. त्या चिरेतून पाणी पुडीत शिरलं की करंट बाहेर झिरपायला लागतो. सुरुवातीला थोडा, मग महिन्या-दोन महिन्यांत जास्त. पूर्वी घरात लोखंडी जीआय पाइप असायचे. ते भिंतीतून, जमिनीतून जायचे, त्यामुळे अर्थिंग तुटलेलं असलं तरी गीझरचा करंट पाइपातूनच जमिनीत उतरायचा. आता सगळीकडे प्लास्टिकचे पाइप आहेत. गंज लागत नाही हे चांगलंच, पण ती चोरवाट बंद झाली. हिरव्या वायरवर आता पूर्वीपेक्षा जास्त भार आहे, आणि तिच्याकडे बघतं मात्र कोणीच नाही.

तुमच्या ओळीचा दुसराही अर्थ निघू शकतो, तोही सांगायला हवा. सकाळी आईचे हात ओले असतात, ओट्यापाशी फरशी ओली असते, पाय अनवाणी असतात. तेवढ्यानेही तीच गळती जास्त जाणवेल. म्हणून मी संशय म्हणतोय, निदान म्हणत नाही. तुम्हाला माझे दोन प्रश्न आहेत. दुपारी बघितलं तेव्हा टेस्टर लावला होता, की नुसता हात? ओल्या फरशीमुळे हाताला फरक पडतो, टेस्टरला तेवढा पडत नाही. सकाळी टेस्टर लखलखीत आणि दुपारी विझलेला असेल तर बोट गीझरकडेच जातं. दुसरा प्रश्न: महिन्यापूर्वी इमारतीत काही काम झालं होतं का? मीटर बदलले, मीटर रूमला रंग दिला, लिफ्टची केबल टाकली, काहीही?

हा दुसरा प्रश्न उगाच विचारत नाहीये. काही वर्षांपूर्वी एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर असंच प्रकरण होतं. मिक्सरला करंट लागतो म्हणून त्या घरात दोन मिक्सर बदलून झाले होते. मी डीबी उघडला, पट्टी घट्ट, स्क्रू घट्ट, सगळं नीट. मग खाली मीटर रूममध्ये गेलो. पत्र्याचं दार अर्धंच उघडत होतं, कारण आत कोणीतरी सायकली ठेवल्या होत्या. नव्या मीटरांची ओळ छान सरळ बसवलेली होती. तिच्यामागे भिंतीवरून जीआयची चपटी पट्टी खाली खड्ड्याकडे जात होती. वरून आलेल्या सहा हिरव्या वायरींपैकी पाच त्या पट्टीवर बोल्टने कसलेल्या होत्या. सहावी नुसती लोंबकळत होती. टोकाला काळी टेप गुंडाळलेली, टेपवर कोळ्याचं जाळं. जुनं मीटर काढताना कोणीतरी ती सोडली होती आणि उघडं टोक राहू नये म्हणून काळजीने टेप लावली होती. परत जोडायचं मात्र राहून गेलं होतं. दहा मिनिटांचं काम होतं. तोवर दोन मिक्सर भंगारात गेले होते आणि त्या बाई मिक्सर लावताना हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळत होत्या. ती पिशवी माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

आता त्या तिघांच्या उत्तरांकडे येतो, कारण तुम्ही विचारलंय की यातल्या कोणावर विश्वास ठेवायचा.

दुसऱ्याचं उत्तर आधी घेतो. अर्थची पिन काढली तर फ्रिजच्या झिणझिण्या बहुतेक थांबतील. माझा संशय खरा असेल तर करंट फ्रिजमध्ये त्या पिनेतूनच येतोय, त्यामुळे पिन गेली की तो येणं बंद. तुम्ही त्याला 'धन्यवाद, काम झालं' असं कळवाल, आणि तो पुढच्या दहा जणांना तेच सांगेल. गीझर मात्र तसाच गळत राहील, आणि उद्या फ्रिजमध्येच काही बिघडलं तर त्याच्या पत्र्यातला करंट न्यायला वाट उरणार नाही. लक्षण गेलं म्हणजे दोष गेला असं विजेच्या कामात अजिबात नसतं. इथे लागू पडणाऱ्या उपायाची मला न पडणाऱ्या उपायापेक्षा जास्त भीती वाटते, कारण त्यानंतर कोणी शोधतच नाही. अर्थची पिन इतर दोन पिनांपेक्षा लांब का केलेली असते ते बघा. पिन टॉप घालताना ती सगळ्यात आधी टेकते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. म्हणजे फेज, करंट आणणारी वायर, पोचण्याआधी संरक्षण पोचलेलं असतं. एवढा विचार करून बसवलेली पिन पक्कडीने तोडायला सांगणाऱ्या माणसाचं पुढचं काहीही ऐकू नका.

तिसऱ्याचा लूप याहून वाईट. न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी वायर, डीपीपाशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपाशी, जमिनीला जोडलेला असतो, म्हणून घरातला अर्थ न्यूट्रलला जोडला की सगळं शांत झाल्यासारखं वाटतं. पण न्यूट्रल कधी तुटला तर? खांबावर सुटला, मीटरपाशी जळला, पावसात गंजून गेला, हे आमच्या रोजच्या कामातलं आहे. न्यूट्रल तुटला की चालू दिव्यातून, पंख्यातून फेज न्यूट्रलच्या वायरीवर येतो. म्हणूनच तेव्हा सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटतो. तुमच्या घरात लूप असेल तर त्याच क्षणी 230 व्होल्ट फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन या सगळ्यांच्या पत्र्यावर येतील. एकही उपकरण बिघडलेलं नसताना. तुमच्या सॉकेटमध्ये असा लूप आधीच कोणी मारून ठेवलाय का, हेही वायरमनला उघडून बघायला सांगा. भाड्याच्या घरांत मला हा लूप फार वेळा सापडलाय.

पहिल्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. तुमच्या बाबतीत ते धोक्याचं आहे, पण त्यातली खरी बाजूही समजून घ्यायला हवी, नाहीतर उद्या लॅपटॉपला झिणझिण्या आल्या तर तुम्ही तितक्याच घाबराल. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये, टीव्हीत, नव्या इन्व्हर्टर फ्रिजच्या बोर्डात लहान कपॅसिटर मुद्दाम बसवलेले असतात. आतल्या झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या सर्किटचा त्रास बाहेर पसरू नये म्हणून. असा 2.2 नॅनोफॅरडचा कपॅसिटर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झवर जास्तीत जास्त 0.16 मिलीअँपियर जाऊ देतो. माणसाला करंट जाणवायला लागतो तो साधारण अर्ध्या मिलीअँपियरच्या आसपास. बोटाचं टोक, मनगटाची आतली बाजू अशा नाजूक जागी याहून कमीही कळतो. 10 मिलीअँपियरच्या आसपास स्नायू आवळतात आणि धरलेली वस्तू सोडवत नाही. त्याच्या पुढे प्रकरण हृदयापर्यंत जातं. म्हणजे लॅपटॉपची झिणझिण आणि गीझरची झिणझिण बोटाला सारखीच वाटू शकते. फरक एवढाच की लॅपटॉपच्या करंटला कपॅसिटरने मर्यादा घातलेली आहे. गीझरच्या करंटला आज चिरेची मर्यादा आहे, आणि चीर रुंदावत जाते.

यावरून एक गंमत सांगतो. वायरिंगमध्ये इतकी वर्षं घालवूनही मला तिचं अप्रूप आहे. चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या धातूच्या झाकणावरून बोट अगदी अलगद सरकवलं तर पृष्ठभाग खरखरीत, कंप पावल्यासारखा लागतो. चार्जर काढला की तेच झाकण गुळगुळीत. ही झिणझिण नव्हे. यात बोटातून जाणवण्याएवढा करंट जातच नाही. बोटाची वरची कोरडी कातडी करंट अडवते. तिच्या एका बाजूला धातू आणि दुसऱ्या बाजूला आतली ओलसर कातडी, म्हणजे तिथे एक छोटा कपॅसिटरच तयार होतो. त्यातलं आकर्षण बोटाला धातूकडे ओढतं आणि सोडतं, सेकंदाला 100 वेळा, कारण 50 हर्ट्झच्या प्रत्येक फेरीत व्होल्टेज दोनदा शिखर गाठतं. बोट सरकत असेल तरच घर्षणातला हा चढउतार कळतो. नुसतं टेकवून ठेवलं तर काहीच नाही. मॅलिनक्रॉट, ह्यूझ आणि स्लीटर यांनी 1953 साली 'सायन्स' नियतकालिकात याच्याविषयी लिहिलं. सुरुवात झाली होती एका साध्या निरीक्षणातून, की दिव्याचा पितळी होल्डर दिवा चालू असताना कमी गुळगुळीत लागतो. पण ताई, हा प्रयोग फ्रिजवर करू नका. दोष काय हे माहीत नसलेल्या कुठल्याच वस्तूवर करू नका.

टेस्टरबद्दलही गैरसमज फार आहे. त्याच्यात एक निऑनचा दिवा आणि मेगाओमच्या आसपासचा मोठा रोध असतो. तो इतक्या कमी करंटवर पेटतो की लॅपटॉपच्या निरुपद्रवी गळतीवरही पेटतो आणि जीवघेण्या फेजवरही. म्हणून 'टेस्टर पेटला' एवढ्यावरून मला लांबून काही सांगता येत नाही. मल्टिमीटरचंही तेच. पत्र्यावर 90-100 व्होल्ट दाखवतो आणि घरातले घाबरतात. मग आम्ही पत्रा आणि खात्रीचा अर्थ यांच्यामध्ये एक बल्ब लावतो. व्होल्टेज कोसळून शून्याकडे गेलं तर गळती बारीक आहे, बहुतेक कपॅसिटरची, पण एवढ्यावरून खात्री धरायची नाही. बल्ब पेटायला लागला किंवा व्होल्टेज तसंच टिकलं तर खरा दोष. हे काम वायरमननेच करायचं, घरी करून बघायचं नाही. पण तो करतोय का हे तुम्ही बघू शकता, आणि करत नसेल तर विचारू शकता.

आणखी एक विचारा. बरेच वायरमन, आणि मीही सुरुवातीची काही वर्षं, फेज आणि अर्थमध्ये 100 वॉटचा बल्ब लावून 'पेटला, म्हणजे अर्थिंग चांगलं' असं सांगतो. हे पुरेसं नाही. त्या बल्बचा पेटलेला असतानाचा रोध 530 ओमच्या जवळपास असतो. तुमच्या अर्थचा रोध 50 ओम असला, म्हणजे खूपच वाईट असला, तरी बल्बच्या वाट्याचे जेमतेम 20 व्होल्ट कमी होतात आणि तो जवळपास तसाच पेटतो. बल्ब एवढंच सांगतो की वायर तुटलेली नाही. ती कामाची आहे का, हे सांगत नाही. 50 ओमच्या अर्थवर गीझरचा फेज थेट पत्र्याला टेकला तर 230 भागिले 50, म्हणजे साडेचार अँपियरच्या आसपास करंट वाहील. 16 अँपियरचा एमसीबी त्याला ओळखणारच नाही, कारण गीझर रोज त्याहून जास्त घेतो. एमसीबी बसून राहील आणि पत्रा जिवंत राहील. अर्थ 5 ओमचा असेल तर तोच करंट 46 अँपियरपर्यंत जाईल आणि एमसीबी पडेल. तोही लगेच पडेल असं नाही.

हे मला शिकवलं रत्नागिरीकडच्या जांभ्याने. देशावरच्या काळ्या मातीत ओल टिकते, तिथे बरा खड्डा केला तर अर्थ चांगला मिळतो. जांभ्यात पाऊस असेपर्यंत ठीक, आणि एप्रिल-मेमध्ये खडक कोरडाठाक. एका घरी मी स्वतः मीठ-कोळशाचा खड्डा केला होता, साठ सेंटिमीटरची चौकोनी प्लेट, सगळं नियमाप्रमाणे. ऑगस्टमध्ये मीटरने 4 ओम दाखवले. पुढच्या मे महिन्यात पंपाला शॉक बसतो म्हणून बोलावणं आलं. त्याच खड्ड्यावर मीटर लावला तर 60 च्या वर. फनेलमधून पाणी घालायला मी सांगितलं होतं, पण का घालायचं हे सांगितलं नव्हतं, म्हणून कोणी घातलं नाही. तेव्हापासून प्रत्येक घरात कारणासकट सांगतो.

म्हणून तुमच्या घरात 30 मिलीअँपियरचा आरसीसीबी आहे का ते बघा. डीबीत एमसीबीपेक्षा रुंद असतो, त्याच्यावर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं. फेजने गेलेला करंट आणि न्यूट्रलने परत आलेला करंट यांची तो सतत तुलना करतो. फरक पडला म्हणजे करंट दुसरीकडे कुठेतरी चाललाय, आणि तो पडतो. 50 ओमच्या वाईट अर्थवरचे साडेचार अँपियर एमसीबीला दिसत नाहीत, पण आरसीसीबी त्यावर सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत पडतो. तरी एक लक्षात ठेवा. अर्थची वायरच तुटलेली असेल तर गळलेल्या करंटला जायला वाट नसते, फरक पडत नाही आणि आरसीसीबी गप्प राहतो. तो पडेल तुम्ही हात लावाल तेव्हा, म्हणजे वाट तुमच्या अंगातून तयार झाल्यावर. जीव वाचायची शक्यता खूप वाढते, हे नक्की. पण आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग तुटलेलं चालेल असं नाही. दोन्ही हवेत. आणि ते 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबत जा.

आता विचारण्याविषयी थोडं, कारण तुम्ही शेवटी लिहिलंय, 'इंटरनेटवर विचारणंच चूक होतं का?' अजिबात नाही. मला रोज कोणी ना कोणी विचारतं आणि निम्मे प्रश्न लांबूनच सुटतात. मागे एका मुलाने विचारलं, स्विच बंद केला तरी एलईडी बल्ब रात्री मिणमिणतो, भूत आहे म्हणून आजी घाबरली आहे. मी एकच विचारलं, स्विचवर लाल इंडिकेटर आहे का? होता. त्या इंडिकेटरमधून झिरपणारा करंट बल्बमधल्या कपॅसिटरला हळूहळू भरतो, भरला की बल्ब क्षणभर लुकलुकतो. पूर्वीच्या पिवळ्या बल्बला एवढ्याने काही होत नसे, म्हणून आजीने हे कधी बघितलेलं नव्हतं. इंडिकेटर नसता तर मी दुसरं विचारलं असतं. लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या वायरींमुळेही बल्ब असा मिणमिणतो आणि तेही निरुपद्रवी. पण स्विच चुकून न्यूट्रलवर बसवलेला असला तरीही अगदी असाच मिणमिणतो, आणि तेव्हा स्विच बंद असताना होल्डरमध्ये पूर्ण फेज असतो. बल्ब बदलायला गेलेल्या माणसाला तो लागतो. एकच लक्षण, तीन कारणं, त्यातलं एक जिवावरचं. म्हणून उलट प्रश्न न विचारता थेट उत्तर देणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही, मग तो कितीही शिकलेला असो.

तुमच्या मूळ प्रश्नाचं शीर्षक होतं 'फ्रिज खराब झालाय का?' तो प्रश्न नव्हता, तुमचा निष्कर्ष होता. तिघेही त्याच्यामागे गेले. तुम्ही नुसतं असं लिहिलं असतं: 'फ्रिजच्या धातूला सकाळी सात-आठच्या सुमारास झिणझिण्या, दुपारी नाहीत, महिन्यापासून, घर भाड्याचं, इमारत साधारण इतकी जुनी, त्या वेळी गीझर चालू असतो, फ्रिज थेट भिंतीतल्या सॉकेटवर आहे, किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर', तर त्या तिघांपैकी एखाद्याला तरी ते सुचलं असतं. वेळ, ओल, त्या वेळी दुसरं काय चालू होतं, त्याआधी काय बदललं. आणि जे सांगायला लाज वाटते तेही लिहा. तीन पिनांचा पिन टॉप दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये घातलाय, घरमालकाने स्वतः वायर जोडलीय, कोणी काहीतरी उघडून बघितलंय. लोक नेमकं तेच गाळतात आणि दहापैकी सात वेळा उत्तर तिथेच असतं. फोटो पाठवायचा तर डीबीचं झाकण बंद ठेवून, एमसीबींवरचे आकडे वाचता येतील असा. स्क्रू काढून आतला फोटो कोणीही मागितला तरी देऊ नका.

लांबून उत्तर देणाऱ्याला, म्हणजे मलाही, तुमच्या घरातला वास येत नाही. जळक्या प्लास्टिकचा वास, सॉकेटची गरम झालेली कड, स्विच दाबल्यावर होणारा चर्रर्र आवाज, हे तुम्हाला कळतं, मला नाही. यातलं काही असेल तर मला लिहीत बसू नका, मेन बंद करा. आणि ज्या उत्तरात काहीतरी काढून टाका, तोडा, बायपास करा असं असेल ते सोडून द्या, माझं असलं तरी.

घर भाड्याचं आहे, म्हणून मालक काय म्हणेल अशी काळजी तुम्हाला असेल. मीटर रूममधली वायर तुटलेली निघाली तर ते काम सोसायटीचं आहे, आणि तुमच्यासारखंच आणखी कोणा शेजाऱ्याचंही अर्थिंग सुटलेलं असण्याची शक्यता आहे. वायरमनला घेऊन खाली जाताना शेजाऱ्यांनाही विचारून जा.

वायरमन आला की चार आकडे वहीत लिहून घ्या आणि मला कळवा. किचनच्या सॉकेटमध्ये फेज ते न्यूट्रल किती, आणि फेज ते अर्थ किती. दोन्ही जवळपास सारखे यायला हवेत. न्यूट्रल ते अर्थ किती. हे दोन-चार व्होल्टच्या पलीकडे गेलं तर मला जास्त तपशील लागेल. आणि गीझरचा पिन टॉप काढून, एलिमेंट आणि पत्रा यांच्यात 500 व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे गळती तपासायच्या मीटरवर, किती. एक मेगाओमच्या खाली आलं तर तो एलिमेंट बदलायचा, घासूनपुसून परत बसवायचा नाही. आणि मी चुकलो असेन, गीझर ठणठणीत निघाला असेल, तर तेही नक्की लिहा. मग आपण वॉशिंग मशीनपासून पुन्हा सुरुवात करू.